दोन चिंध्यांची गाठ

माझा मामा भित्रा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण स्काउट मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छाती काढून चालणारा, मिशीला पीळ देणारा माणूस येतो. मामाला मिशीच नव्हती. कुत्रा दिसला की तो रस्ता बदलायचा, पाल दिसली की मामीला हाक मारायचा, आणि दाढ काढायला म्हणून गेलेला दातांच्या डॉक्टरच्या जिन्यावरून दोनदा परत आला होता. असा माणूस एकोणीस वर्षं पोरांना धाडस शिकवत होता. मामी म्हणायची, "पोहता येत नाही आणि निघालेत विहिरीवर शिकवणी घ्यायला!"

त्याचा धंदा तराजू दुरुस्त करण्याचा. किराणावाले, भाजीवाले, सोनार, भंगारवाले, सगळ्यांचे बिघडलेले काटे त्याच्याकडे यायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर खिळ्यांना पारडी टांगलेली, टेबलावर पितळी वजनं उंचीप्रमाणे मांडलेली, आणि खाली एका डब्यात शिशाचे तुकडे. झिजून हलक्या झालेल्या वजनाच्या तळाला भोक असतं, त्यात शिसं भरून ते पुन्हा पुरं करतात. मामा हे काम श्वास रोखून करायचा. पण काटा दुरुस्त झाला की तो खरा झाला की नाही हे मात्र स्वतः पाहायचा नाही. मामीला बोलवायचा.

"आपल्या हातचं आपल्याला बरोबरच दिसतं," असं त्याचं म्हणणं.

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, दोन्ही पारड्यांत वजनं ठेवायची, आणि मामा निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा बाजूला उभा राहायचा. "डावीकडे झुकतोय," असं ती म्हणाली की एक अक्षर न बोलता काटा पुन्हा उघडायचा. एरवी मामीच्या दर वाक्याला फाटा फोडणारा माणूस, पण इथे वाद नाही.

मी नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडे राहायला आले. आईबाबांच्या नोकऱ्या बदलीच्या, दर दोन वर्षांनी नवी शाळा, म्हणून मला मामाकडे ठेवलं. त्या दोघांना मूल नव्हतं. मी बडबडी, भांडकुदळ आणि मामाची अतोनात लाडकी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोळ केला.

स्काउटचं पथक मामाच्या गळ्यात पडलं ते एका काट्यामुळेच. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू घेऊन मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दुकानात आल्या होत्या. भिंतीवर पारड्यांच्या रांगेत मामाचा लहानपणचा स्काउटचा पट्टा टांगलेला त्यांना दिसला. त्या म्हणाल्या, "आमचे खेळाचे शिक्षक गेलेत. नवे येईपर्यंत महिनाभर पथक सांभाळाल का?" मामाला नाही म्हणता येत नसे. नवे शिक्षक आले, त्यांनी पथकाकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि मामाचा महिना काही संपला नाही. दर शनिवारी चार वाजता सायकलींच्या शेडमागे पंचवीस-तीस पोरं जमायची. मुलगे-मुली एकाच पथकात, कारण दोन पथकं काढायला डोकीच पुरत नव्हती.

आईबाप पोरांना पाठवायचे ते शिस्त लागावी म्हणून. शिस्त फारशी लागली नाही हे मी स्वतःवरून सांगते. मामाला ओरडताच यायचं नाही, तर शिस्त लागणार कुठून? त्याची शिट्टीसुद्धा विचारल्यासारखी वाजायची. पण त्याचा एक नियम होता आणि त्यात मात्र तो देवाच्या बापाचंही ऐकत नसे. तो म्हणजे दोन चिंध्यांचा नियम.

पथकातल्या प्रत्येकाची स्वतःची चिंधी असायची, घरच्या जुन्या कपड्यातून फाडून आणलेली. माझी मामीच्या जांभळ्या झग्याची. कुणाची उशीच्या अभ्र्याची, कुणाची बापाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची. तंबूची असो, पुलाची असो, जो गाठ बांधेल त्याने दोराच्या उरलेल्या टोकाला आपली चिंधी बांधायची. मग दुसऱ्याने येऊन गाठ तपासायची. नुसती डोळ्यांनी नाही, तर तिला लटकून, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. टिकली तर त्याने आपली चिंधी पहिलीच्या शेजारी बांधायची. एकच चिंधी असलेल्या गाठीवर कुणी पाय ठेवायचा नाही, मग तो कितीही शूर असो. आणि गाठ सुटली तर दोन्ही चिंध्यांचे मालक पुढे येणार आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगणार. शिक्षा काही नाही. सांगायचं, परत बांधायचं, संपलं. मी आज रक्तपेढीत काम करते. तिथे प्रत्येक पिशवीवर दोन सह्या लागतात. नवीन मुलींना याचा कंटाळा येतो, मला कधी आला नाही.

मामाची चिंधी खाकी होती, त्याच्या जुन्या पँटची.

मी तेरा वर्षांची असताना एका तुकडीची नायिका झाले होते. माझ्या तुकडीत इस्त्रीवालीची मुलगी होती. तिचं नाव मीच ठेवलं होतं, रेडिओ. कारण ती बोलायचीच नाही. विचारलं तर मान हलवायची, फारच झालं तर एक शब्द. बंद पडलेला रेडिओ! मी तिला खूप चिडवायचे आणि ती चिडायचीसुद्धा नाही, त्यामुळे माझाच जळफळाट व्हायचा. पण तिच्या हातची गाठ म्हणजे गाठ. तिची पिवळी चिंधी दिसली की बाकीचे निवांत पाय ठेवायचे.

त्या वर्षी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही दोराचा पूल करून दाखवणार होतो. मैदानाच्या टोकाला दोन झाडं होती आणि मध्ये पाणी वाहून जायची कोरडी चर. पाय ठेवायला खाली एक दोर, हाताने धरायला वर एक, आणि त्यावरून एकेकाने पलीकडे जायचं. आमचा जुना काथ्याचा दोर पार झिजला होता. शाळेच्या समितीचे अध्यक्ष हार्डवेअरचे दुकानदार. त्यांनी मोठ्या मनाने नवा कोरा नायलॉनचा दोर आणून दिला. निळा, चकचकीत, हाताला न टोचणारा. आम्ही खूश. त्या न टोचण्यातच सगळी मेख होती. काथ्या स्वतःलाच चावतो, म्हणून साधी गाठसुद्धा धरून ठेवतो. नायलॉन घसरतो. त्याला जास्त वेढे लागतात आणि टोकाला आणखी एक गाठ. कुठल्याही ट्रकवाल्याने हे सांगितलं असतं. पण आम्ही सगळे काथ्यावर वाढलेले, आणि मामाही.

पायाच्या दोराची पलीकडची गाठ रेडिओने बांधली, काथ्याला बांधायची तशीच. पिवळी चिंधी लावली. पायाच्या दोराच्या गाठी त्या दिवशी मामा स्वतः तपासत होता. तो तिच्यापाशी आला आणि तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवरून पुकारा केला, "मास्तर, पाहुणे खोळंबलेत!" मामाने दोर दोन्ही हातांनी खेचून पाहिला, खाकी चिंधी बांधली आणि पळत गेला. तो लटकला नाही. हे मी पाहिलं. चूक दाखवायला माझं तोंड एरवी सगळ्यांच्या पुढे, पण तेव्हा मी काही बोलले नाही. मामाला कोण काय सांगणार?

पहिले दोघं गेले. तिसरा औषधाच्या दुकानदाराचा मुलगा, आम्ही त्याला चष्म्या म्हणायचो. तो मधोमध पोचला आणि दोर हातभर सरकला. चिंध्यांपाशी येऊन अडकला खरा, पण तोवर चष्म्याच्या पायाखालचा दोर खाली गेला होता. क्षणभर तो वरच्या दोराला लोंबकळला आणि मग चरीत पडला. उजवा हात मनगटात मोडला.

मोठी माणसं ओरडायला लागली. कुणी पाणी मागत होतं, कुणी रिक्षा. आमची पोरं मात्र ओरडली नाहीत. रेडिओ सगळ्यांत आधी चरीत उतरली. दोघांनी झेंड्याच्या काठ्या आणल्या, तिने आपल्या गळ्यातला रुमाल सोडला, हाताला दोन्हीकडून काठ्या लावून बांधला, आणि चष्म्याचा चष्मा शोधून त्याच्या नाकावर ठेवला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की बांधणी त्यांनासुद्धा सोडावीशी वाटत नव्हती.

सगळे मुलाकडे धावले तेव्हा मी एकटी झाडाकडे धावले. मी नायिका होते, माझं काम चरीत होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, गाठीवर मामाची चिंधी आहे. ती मी ओढून काढली, चुरगळून खिशात घातली, आणि मग चरीकडे गेले.

त्या वेळी मला वाटलं मी मामाला वाचवलं. त्यामुळे कोण बुडणार हे संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. गाठीवर पिवळी चिंधी एकटीच राहिली होती. म्हणजे गाठ न तपासलेली. म्हणजे इस्त्रीवालीच्या मुलीने न तपासलेल्या गाठीवर पोराला जाऊ दिलं. चष्म्याचे वडील शाळेच्या दारातच म्हणाले, "या मुलीचं नाव शाळेतून कमी करा, नाहीतर मी वर तक्रार करतो." अध्यक्षांनी मान डोलवली. दोर त्यांनी दिलेला होता, त्यांनाही कुणीतरी हवंच होतं. सोमवारी अकरा वाजता ऑफिसात बैठक ठरली.

रविवारी मामाने मला दुकानात बोलावलं. समोर कुठलंच काम नव्हतं.

"झाडापाशी तू पहिली गेलीस ना?"

"हो."

"माझी चिंधी होती का गं तिथे?"

"मी नाही पाहिली," मी म्हणाले.

मामाने मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्याने शंका घेतली नाही, तेवढी घेतली असती तर बरं झालं असतं. तो स्वतःशीच म्हणाला, "मग बांधलीच नसेल मी. मला तर लख्ख आठवतंय बांधल्याचं." नंतर त्याने आठवड्याभरात दुरुस्त केलेले सगळे काटे खाली काढले आणि एकेक करून मामीकडून पुन्हा तपासून घ्यायला लागला. मामी आधी कुरकुरली, मग त्याच्या तोंडाकडे पाहून मुकाट वजनं ठेवत गेली. एकही काटा चुकलेला नव्हता. तरी तो दुपारभर काढतच राहिला, आणि मी आत बसून गणितं करण्याचं नाटक करत ते ऐकत होते. खिशात चिंधी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला सारखं वाटत होतं की मामी आत्ता खिसा तपासेल. पण तिने साधं पाहिलंही नाही.

सोमवारी ऑफिसात टेबलावर निळा दोर ठेवला होता, पिवळ्या चिंधीसकट. मोठ्या बाई, अध्यक्ष, औषधवाले, मामा, मी साक्षीला, आणि कोपऱ्यात रेडिओ आणि तिची आई. आई कामावरून तशीच आली होती. तिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली.

मामा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "गाठ मी तपासली होती. लटकून पाहायला हवं होतं, मी नुसती हाताने ओढून पाहिली. नायलॉनला ती गाठ चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. चूक माझी आहे, मुलीची नाही."

"आणि तुमची चिंधी?" अध्यक्षांनी विचारलं.

"बांधल्याचं आठवतंय. पण तिथे नाही, तर कसं सांगू?"

अध्यक्ष हसले. चांगलं, कौतुकाचं हसले. "मास्तर, तुमचं मन मोठं आहे. पोरीला सांभाळून घेताय. पण नियम तुमचाच, दोन चिंध्या. इथे एकच आहे."

"मी सांभाळून घेत नाहीये," मामा म्हणाला. "खरं सांगतोय."

"कळतं हो आम्हाला." औषधवालेसुद्धा जरा मवाळ झाले. "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

मामाचा चेहरा कधी नव्हे तो लाल झाला. तोळ्यातली गुंज चुकली तर न जेवणारा माणूस, त्याला सगळे मिळून खोटं बोलल्याबद्दल शाबासकी देत होते. तो खाली बसला.

मोठ्या बाईंनी रेडिओला विचारलं, "तू सांग. मास्तरांनी तपासली होती का गाठ?"

रेडिओने मामाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या खिशाकडे. तेव्हा मला कळलं की चरीतून तिने मला पाहिलं होतं. शनिवारपासून तिला ठाऊक होतं. बोलली असती तर कुणी विश्वास ठेवला असता की नाही कोण जाणे, पण ती बोललीच नाही. तिच्या आईने तिच्या पाठीत कोपर मारलं. "अगं बोल की! चुकलं म्हण, पाया पड त्यांच्या! शाळा बंद करतील ना तुझी."

"माफ करा," रेडिओ म्हणाली. आणि खरंच खाली वाकायला लागली.

मी खिशातली चिंधी काढून टेबलावर ठेवली. धाडस वगैरे काही नव्हतं ते. ते वाकणं मला पाहवेना, एवढंच. "मी काढली," म्हणाले. "गाठीवर होती. मामाला... मास्तरांना बोलणी बसतील म्हणून मी काढून घेतली."

मामा पुढे झाला, खाकी चिंधी उचलून उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला रडूच फुटलं. "होती ना?" तो अध्यक्षांना म्हणाला. "मी म्हणत होतो, होती!"

त्या चिंधीपायी आपलं पथक हातातून चाललं आहे हे त्याच्या लक्षात यायला आणखी मिनिटभर गेलं.

रेडिओचं नाव शाळेत राहिलं. मामाकडून शिट्टी काढून घेतली. मोठ्या बाई चाचरत म्हणाल्या, "काही दिवसांसाठीच." ते काही दिवस तीन वर्षं चालले. तेवढा काळ खेळाच्या शिक्षकांनी पथकाला फक्त कवायत शिकवली. पुलाचं नावही कुणी काढलं नाही.

घरी जाताना मामा माझ्या पुढे चालत होता. कोपऱ्यावर नेहमीचं कुत्रं झोपलं होतं, तरी रस्ता बदलायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. दाराशी आल्यावर म्हणाला, "शनिवार ते सोमवार. दोन दिवस लागले तुला. पुढच्या वेळी इतके लावू नकोस." एवढंच. मामीने मात्र रात्रीपर्यंत सोडलं नाही. "आपला तो बाब्या, आणि दुसऱ्याचं ते कार्टं, नाही का? त्या बाईच्या पोरीची शाळा गेली असती म्हणजे?" मी रडले, जेवले नाही, आणि मामीने ताट झाकून ठेवलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी रेडिओला सॉरी म्हणाले. तिने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ मला लागला नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी चार वाजता मामा दुकानात होता. एकोणीस वर्षांत शनिवारी चार वाजता तो तिथे कधीच नसे. त्यामुळे त्याला कुठे उभं राहावं तेच समजत नव्हतं. शेवटी त्याने भंगारवाल्याचा पोती तोलायचा मोठा काटा काढला. तो छताच्या लोखंडी तुळईला टांगूनच तपासावा लागतो. मामा स्टुलावर चढला आणि तुळईला नायलॉनचा दोर बांधायला लागला. नवीन विकत आणलेला, निळाच. वेढे मोजून घातले, टोकाला आणखी एक गाठ दिली. मग खिशातून खाकी चिंधी काढून टोकाला बांधली. खाली उतरून मामीला हाक मारायला तोंड उघडलं, तर दारात रेडिओ उभी होती. गणवेशात. शाळेच्या मैदानावर कवायत चालू असताना ही इथे.

मी आतल्या दारातून पाहत होते. पुढे जायचं धैर्य झालं नाही.

मामाने तिच्याकडे पाहिलं, मग दोराकडे. "आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "ही मी बांधलीय. तपास."

आजवर मास्तरांची गाठ कुणी तपासली नव्हती. पथकात मामा सगळ्यांच्या गाठी तपासायचा, आणि त्याने बांधलेल्या दोन-चार गाठींवर कुणीतरी आदराने न पाहताच दुसरी चिंधी लावून टाकायचं. मी स्वतः कितीदा लावली होती.

रेडिओ चपला काढून आत आली. तिने आधी गाठ नीट न्याहाळली, वेढे बोटाने मोजले. मग दोर दोन्ही हातांनी धरला आणि दोन्ही पाय उचलले. ती लोंबकळत असताना तुळई करकरली, भिंतीवरची पारडी हलली. तिने मनात दहा मोजले असावेत. मग खाली उतरून पुन्हा गाठीकडे पाहिलं. खाकी चिंधी आधीपेक्षा बोटभर तुळईच्या जवळ सरकली होती. बोटभरच. एवढ्याला आम्ही कुणी काही म्हटलं नसतं.

रेडिओने आपली पिवळी चिंधी खिशातून काढली नाही.

"सैल आहे, मास्तर," ती म्हणाली. "परत बांधा."

मामा स्टुलावर चढला. आधी त्याने चिंधी सोडली, मग गाठ.